सतरा नंबरची पोट्टी

जीप तांड्याच्या वळणावर दिसली तेव्हा बिजलीबाई ओट्यावर बसून काचळीला, म्हणजे बंजारा चोळीला, आरसे लावत होती. तिनं सुई कापडात खोचली, डोळ्यांवर हात धरला आणि जीपचा रंग, पाटी आणि आत बसलेली डोकी एवढं सगळं लांबूनच टिपून घेतलं. पांढरी जीप. पाटी नाही. एक ड्रायव्हर, एक बाई. पाटी नसलेली जीप बिजलीबाईला मुळीच आवडत नसे. पाटीवालीही फारशी आवडत नसे म्हणा.

ते दोन हजार सहा साल होतं. कापसाचं वाटोळं झाल्याची खबर दिल्लीपर्यंत पोचली होती, आणि तेव्हापासून फुलसावंगीच्या पलीकडच्या या तांड्यावर दर आठवड्याला एखादी जीप धुरळा उडवत यायची. कुणी विचारी झोप लागते का, कुणी विचारी रडू येतं का. एका पेपरवाल्यानं बिजलीबाईच्या सुनेला, बसंतीबाईला सांगितलं होतं की, डोक्यावर पदर घेऊन विझलेल्या चुलीपाशी बसा आणि कॅमेऱ्याकडे बघू नका. बिजलीबाईनं त्याला शेजारच्या चुलीतलं पेटलेलं लाकूड दाखवलं होतं. फोटो राहिला, पेपरवाला पळाला.

पण आज जीपची धास्ती वाटायला कारण वेगळं होतं. ते कारण आतल्या खोलीत कापसाच्या ढिगावर पालथं पडून चौथीचं पुस्तक वाचत होतं. खरेदी केंद्र उघडलं नव्हतं म्हणून सगळ्यांच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला, आणि माणसं त्यावरच निजत, अंग खाजवत. पुष्पा त्या ढिगावर महिनाभर लोळत होती. खरं तर ती पुसद रस्त्यावरच्या निवासी शाळेत असायला हवी होती.

शाळेनं तिला घरी धाडलं होतं, सोबत एक कागद देऊन. तो कागद पुष्पानंच आजीला वाचून दाखवला होता, एकदाही न अडखळता. ‘कु. पुष्पा देवीलाल राठोड हिची बौद्धिक चाचणी घेतली असता दहापैकी एकही आकृती ती पूर्ण करू शकली नाही. सबब सदर विद्यार्थिनी मतिमंद असल्याचे दिसून येते. तिला यवतमाळ येथील विशेष शाळेत दाखल करण्यास पालकांची संमती...’ वाचून झाल्यावर पोरीनं विचारलं होतं, “आजी, मतिमंद म्हंजे काय?” एवढा जडजड कागद घडाघडा वाचणारी पोर मतिमंद कशी, हा प्रश्न त्या शाळेत कुणालाच पडला नव्हता.

देवीलाल, बिजलीबाईचा मुलगा, सही करायला तयार होता. “शहरात राहील, याडी,” तो आईला म्हणाला, “ते लोक शिकेल हायेत. त्याईले काही समजतच असन.” दुसऱ्या दिवशी कागद कोनाड्यातून नाहीसा झाला. तो तुरीच्या डब्याच्या तळाशी होता, आणि हे फक्त तिला ठाऊक होतं. महिनाअखेर सही गेली नाही तर पुष्पाचं नाव कापणार होते. सही केली तर पोर जाणार, नाही केली तर शाळा जाणार. बिजलीबाई तेव्हापासून याच जात्यात भरडली जात होती.

जीप तिच्याच दारात थांबली. बाई उतरली, पस्तिशीची, चष्म्याची, सुती ओढणीची. तिच्या दोन्ही हातांत एक पेटी होती.

बिजलीबाईनं पेटी ओळखली. सागवानी पेटी, पितळेची कडी, आणि झाकणाच्या कोपऱ्यावर काळा डाग. तो डाग कंदील टेकल्याचा होता. तो टेकवला तेव्हा बिजलीबाई तिथंच बसलेली होती, नऊ वर्षांची. अशीच दुसरी पेटी नव्हे, तीच. अठ्ठेचाळीस वर्षांनी ती आपला पत्ता शोधत आली होती.

“बिजलीबाई इथंच राहतात का?” बाईनं विचारलं. “मानीबाईंची मुलगी?”

“मेली,” बिजलीबाई म्हणाली.

शब्द तोंडातून सुटला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पण सुटला तो बरा सुटला असंही वाटलं.

“कधी?”

“झाले लय वर्सं. साप चावला.”

“आणि तुम्ही?”

“मी लालीबाई. शेजारीन.”

खरी लालीबाई तीन हातांवर आपल्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बिजलीबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की लालीबाईनं तोंड मिटलं, क्षणभर विचार केला आणि पदर डोळ्यांना लावला. “हव बाप्पा,” ती म्हणाली, “लय चांगली होती बिचारी.” बिजलीबाईला मनातून हसू फुटलं. मेल्यावरच ही बया आपल्याला चांगलं म्हणणार हे तिला माहीतच होतं.

पाहुणी मात्र पायरीवर मटकन बसली. “उशीर झाला मला,” असं ती स्वतःशीच म्हणाली. हे दुःख खरं की बनावट, ते बिजलीबाईला उमगेना. मनात पाल चुकचुकत होती. मतिमंदाच्या कागदावर सही येत नाही म्हणून शाळेनंच हिला धाडलं असणार. आधी गोड बोलेल, मग पेटी उघडेल, मग पोरीला जीपमध्ये घालेल.

“शाळेनं धाडलं काय तुमाले?” तिनं सरळच विचारलं.

“कुठल्या शाळेनं?” बाईनं मान वर केली. “मी यवतमाळच्या कॉलेजात शिकवते. गौरी नाव माझं. माझे आजोबा, वामनराव, मोठे मानसशास्त्रज्ञ होते. पुढच्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी आहे. मी त्यांचं चरित्र लिहून राहिले.”

“मानस... म्हंजे काय?”

“माणसाच्या मनाचा अभ्यास करणारे.”

“आन् अभ्यास करून काय केलं त्याईनं मनाचं?”

बिजलीबाईनं चहा टाकला, कारण पाहुणीला पाण्यावाचून बसवणं तिच्याच्यानं होईना. पण दूध घातलं नाही. एवढा विश्वास अजून बसला नव्हता. आतल्या खोलीचं दार तिनं पायानं ओढून घेतलं.

काळा चहा पीत गौरी बोलू लागली. कॉलेजात शिकवायची सवय असलेली बाई, एकदा सुरू झाली की थांबेना. एक प्रकाशक दहा मानसशास्त्रज्ञांची दहा चरित्रं काढणार होता. नऊ परदेशी आणि दहावे तिचे आजोबा. पावलोव्ह नावाचा एक रशियन होता, त्यानं कुत्र्यांवर प्रयोग केले. खाणं येण्याची नुसती चाहूल लागली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, यावरून त्यानं केवढा सिद्धांत मांडला. वॉटसन नावाचा अमेरिकन होता. त्यानं एका तान्ह्या पोरापुढे पांढरा उंदीर सोडला, आणि पोरानं उंदराला हात लावला की मागून लोखंडी सळईवर हातोडा हाणायचा. पोर उंदराला भ्यायला लागलं. माणसाला भीती शिकवता येते हे त्यानं दाखवलं.

“आन् मंग त्या पोराची भीती काढली का नाही?” बिजलीबाईनं विचारलं.

“नाही. त्याआधीच त्याची आई त्याला घेऊन गेली.”

“बरं केलं तिनं. नाव काय होतं पोराचं?”

“पुस्तकात अल्बर्ट म्हणतात. खरं नाव कुणाला माहीत नाही.”

“हातोडा मारनाऱ्याचं नाव मात्र तुमाले पाठ हाये,” बिजलीबाई म्हणाली आणि कप उचलून ठेवला.

गौरीनं पिशवीतून एक जुनी वही काढली. खाकी पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. “आजोबांनी इथं, फुलसावंगीच्या शाळेत, बारा दिवस मुक्काम केला होता. अठ्ठावन्न सालची गोष्ट. मुलांची हुशारी मोजायची त्यांची स्वतःची चाचणी होती. लाल-पांढरे ठोकळे. चित्र बघायचं आणि तसे नऊ ठोकळे लावायचे. त्यांच्या पुस्तकात एक मुलगी आहे, सतरा नंबरची. महाराष्ट्रात मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ती मुलगी माहीत आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो. वहीच्या मागच्या यादीत सतरापुढे तिचं आणि तिच्या आईचं नाव आहे.”

बिजलीबाईनं सुई हातात घेतली होती ती बोटात रुतली. महाराष्ट्रभर! आणि इथं तिला सांगायला कुणी आलं नव्हतं.

गौरीनं वही उघडून वाचलं. “‘दिवस चौथा. क्रमांक सतरा, वय नऊ, जात बंजारा. आठ ठोकळे वेगाने आणि अचूक लावते. नववा हातात धरून थांबते. वारंवार सूचना देऊनही लावत नाही. दिवस सातवा. पुन्हा तेच. दिवस अकरावा. पुन्हा तेच. कार्य पूर्णत्वास नेण्याची शक्तीच या मुलीत जन्मतः नाही. हा अपूर्णतेचा दोष मी प्रथमच नोंदवीत आहे.’” तिनं वही मिटली. “यावरच आजोबांचं नाव झालं. नागपूरला परिषद भरली, मग मुंबई. शाळाशाळांत त्यांची चाचणी गेली.”

बिजलीबाईला सगळं आठवत होतं. फ्रॉकला टाचणीनं लावलेला सतराचा कागद. साहेबांच्या अंगाचा साबणाचा वास. आणि नंतरचंही आठवत होतं: गुरुजींनी तिला दाराजवळ, चपलांपाशी बसवलं ते, पाटी काढून घेतली ते, आणि दिवाळीनंतर म्हणाले ते, ‘तू घरीच राह्य, याडीले मदत कर.’ सगळ्या पोट्ट्या शाळेत जात आणि ती बांधावर उभी राहून बघे. तिला वाचायचं होतं. त्या वयात तिला दुसरं काहीच नको होतं. तो संताप अठ्ठेचाळीस वर्षं तिच्या छातीत तसाच बसून होता, फक्त कुणावर काढायचा ते तिला कळलं नव्हतं.

तरी ती लालीबाईच राहिली. “आन् बाराव्या दिवसाचं काय लिवलं हाये?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

गौरीनं चमकून पाहिलं. तिनं वही पुन्हा उघडून पुढे धरली. अकराव्या दिवसानंतर एक पान ब्लेडनं कापलेलं होतं, अगदी शिवणीपासून. “तेच तर मला कळत नाही,” ती हळू म्हणाली. “आजोबा कागदाचा कपटासुद्धा फेकत नसत. एवढं एकच पान कापलं त्यांनी. म्हणून मी आले. पण तुम्हाला कसं माहीत की बारावा दिवस होता?”

“तुमीच म्हनल्या ना, बारा दिवस मुक्काम होता.”

आता संशय दोन्हीकडून होता.

तेवढ्यात आतलं दार करकरलं. पुष्पा केसांत कापूस घेऊन बाहेर आली आणि सरळ पेटीपाशी बसली. बिजलीबाई “अय पोट्टे!” म्हणेपर्यंत तिनं पितळेची कडी काढलीसुद्धा. लाल-पांढरे ठोकळे, जुने, कडा झिजलेले. झाकणाच्या आत चित्रांचे पुठ्ठे होते. पुष्पानं एक चित्र समोर ठेवलं आणि बोटं चालवायला लागली. ते आजीकडून शिकलेले हात होते. चौकटीला चौकट कशी भिडवायची ते त्यांना विचारावं लागत नव्हतं. आठ ठोकळे लागले. नववा तिनं उचलला, आणि तो गौरीपुढे धरून थांबली.

“कुणी शिकवलं हिला हे?” गौरीनं विचारलं, आणि सवयीनं तिचा हात पेनाकडे गेला.

ते पेन दिसलं आणि बिजलीबाईचा तोल सुटला.

“लिवू नका!” ती ओरडली. लालीबाईच्या सुपातली तूर सांडली. “पैले घ्या तिच्या हातातून! पोट्टी कवाची हात लांब करून बसली हाये, दिसत नाही काय? घ्या ना!”

गौरीनं घाबरून ठोकळा घेतला.

“आता लावा.”

तिनं तो रिकाम्या कोपऱ्यात लावला. चित्र पुरं झालं. पुष्पा खुशीत हसली आणि लगेच दुसरा पुठ्ठा काढला.

“ठोकळे कोनाचे?” बिजलीबाई बोलत होती. “तुमचे. मंग शेवटचा तुमीच लावान का नाही? हे पोट्टी बिजलीची नात. मानीबाईच्या घरची हेच रीत. साऱ्या तांड्यात नाही, तिच्याच घरची. दुसऱ्याचं कापड शिवाले घेतलं का समदं शिवाचं, आन् शेवटची चौकट सोडून द्याची. ज्याचं कापड त्यानं घालाचा शेवटचा टाका. नवरीची पिशवी असन तं नवरी घालीन. आपन घातला तं त्याच्या वस्तूवरचा हक्कच खाल्ला. माह्या... बिजलीच्या याडीनं तिले चालता येत नव्हतं तवापासून हेच शिकवलं. तिनं तीन-तीनदा तुमच्या साहेबापुढं हात लांब केला. साहेबानं काय केलं? लिवलं!”

पुष्पानं दुसऱ्या चित्राचा शेवटचा ठोकळा पुढे केला, तो तिनं न सांगता घेतला आणि लावला.

“बाराव्या दिवशी,” बिजलीबाई जरा शांत होऊन म्हणाली, “मानीबाई सोता शाळेत गेली. हातातली एक पिशवी दाखवून तिनं साहेबाले समदं सांगतलं. साहेब हासला. पोट्टीले बोलवलं, तिच्या हातातून ठोकळा घेतला, आपल्या हातानं लावला आन् म्हने शाबास. मंग मानीबाईले म्हने, हे पिशवी मले दे, मी पुस्तकात घालतो. तिनं देली. शेवटचा कोपरा सोडून देली, साहेबासाठी.”

“लाल कापड,” गौरी म्हणाली. “मधे आठ आरसे. काठाला कवड्या.”

आता बिजलीबाई थबकली. “तुमाले कसं मालूम?”

“आमच्या बैठकीत भिंतीवर आहे. काचेच्या फ्रेममध्ये. मी लहानपणापासून बघते. एक कोपरा रिकामा आहे. आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. म्हणायचे...” ती थांबली.

“काय म्हनत?”

“म्हणायचे की, त्या मुलीच्या आईचंही काम बघा, तीही शेवट करू शकत नाही. हा दोष रक्तातूनच येतो.”

जीपचा ड्रायव्हर लांबवर तंबाखू मळत होता. बिजलीबाईला आई आठवली. साहेबानं आपली पिशवी मागितली म्हणून आठ दिवस तांड्यात मान वर करून चालणारी. तिला एकदम रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

“पुस्तक छापायचं होतं त्यांना,” गौरी स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखं म्हणाली. “परिषदेला जायचं होतं. त्यांना कळलं होतं. कळल्यावर पान कापलं.”

बिजलीबाई उठली. तुरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि शाळेचा कागद गौरीपुढे टाकला. “तुमचा साहेब गेला. पन त्याचे ठोकळे अजून फिरून राह्यले.”

गौरीनं कागद वाचला, दोनदा वाचला. मग तिनं सांगितलं की, अशा चाचण्या ज्या फ्रेंच माणसानं पहिल्यांदा बसवल्या, त्या बिनेला मागे पडलेली मुलं शोधायची होती ती त्यांना जास्त शिकवता यावं म्हणून, काढून टाकण्यासाठी नव्हे. बिजलीबाई म्हणाली, तो भला माणूस असेल, पण तो काही पुसद रोडला येणार नाही. आता जे काय ते तुम्ही लिहून द्या. आजवर कागदवाल्यांनी तिच्याकडून अंगठे घेतले होते. आज ती कागदवालीकडून सही मागत होती, आणि ती मिळाल्याखेरीज जीप हलू देणार नव्हती.

गौरीनं लिहिलं. पेटीच्याच झाकणावर कागद ठेवून, चांगलं पानभर. खाली सही केली, हुद्दा घातला. बिजलीबाईनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि पुष्पाकडे दिला. “वाच.”

मतिमंद पोरीनं मानसशास्त्राच्या प्राध्यापकबाईंचं पत्र खणखणीत आवाजात वाचलं. चाचणी कै. वामनराव यांची आहे, मी त्यांची नात असून हाच विषय शिकवते, शेवटचा ठोकळा दुसऱ्याला देणं ही घरातली शिकवण आहे, मुलीची बुद्धी उत्तम आहे, तिला तत्काळ वर्गात घ्यावं. सगळं होतं.

“आन् बारावा दिवस?” बिजलीबाईनं विचारलं.

गौरीची मान खाली गेली. “शाळेच्या कामाला एवढं पुरेल, लालीबाई. पुष्पाचं काम होईल. बाकीचं... माझी आई, कुंदाताई, आजोबांची मुलगी आहे. रोज सकाळी त्यांच्या फोटोला हार घालते. तिला काय सांगू?”

बिजलीबाईनं तिला नीट न्याहाळलं. चोर सापडला की आनंद व्हावा, तसा काही झाला नाही. “कापड तुमचं हाये बाई,” ती म्हणाली. “शेवटचा टाका मी कायले घालू? पन रिकामा कोपरा भिंतीवर दिसतेच.”

गौरीनं पेटी बंद केली. जीपपर्यंत गेली आणि परत वळून आली. “एक विचारू? बिजलीबाई असत्या तर मी त्यांची माफी मागितली असती. त्यांना खूप राग होता का?”

ही वेळ होती. बिजलीबाईचे ओठ उघडले होते. ‘मीच ती’ म्हणायला दोनच शब्द लागत होते. पण कागद हातात आलेला होता, जीप दारात उभी होती, आणि नाव सांगितलं की उद्या त्या नावाचं हे लोक काय करतील याचा नेम नव्हता. एकदा नाव दिलं होतं, त्याचा आकडा झाला होता.

“मेल्या मानसाचा राग कोन पुसते?” ती म्हणाली.

जीप गेली. लालीबाई आपल्या ओट्यावरून म्हणाली, “माह्या नावावर लय बोलली वं तू.”

पत्र घेऊन देवीलाल स्वतः शाळेत गेला. मुख्याध्यापक कुरकुरले, पण प्राध्यापकबाईंची सही आणि त्यातही खुद्द वामनरावांची नात, म्हटल्यावर त्यांनी नाव कापलं नाही. जानेवारीत पुष्पा परत वर्गात बसली, पहिल्या रांगेत.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पोस्टमननं एक पार्सल आणलं. वर नाव होतं श्रीमती लालीबाई. खरी लालीबाई ते घेऊन ऐटीत बिजलीबाईच्या ओट्यावर आली, कारण तिला काही वाचता येत नव्हतं. आत पुस्तक होतं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल पिशवी. फ्रेमवाचून ती केवढीशी दिसत होती. कोपरा रिकामाच होता.

बिजलीबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि पुष्पाला म्हणाली, “बारावा दिवस हाये का पाह्य.”

पुष्पानं पानं उलटली. होता. त्याला एक अख्खं प्रकरण दिलेलं होतं. ‘बाराव्या दिवशी मानीबाई नावाची एक बाई शाळेत आली, आणि माझ्या आजोबांना खरं काय ते कळलं. त्यांनी ते पान कापून टाकलं. त्या ब्लेडच्या जखमेवर त्यांचं मोठेपण उभं आहे.’ पुष्पा वाचत गेली. काही म्हणजे काही राखून ठेवलं नव्हतं. बिजलीबाईला त्या चष्मेवालीची काळजी वाटली, कुंदाताईंची वाटली. एवढं लिहायला केवढी छाती लागली असेल! आणि आपण तिला चहात दूधही घातलं नाही.

मग पुष्पा थांबली.

“काय झालं?”

पोरीनं खाली मान घालून वाचलं. “‘हे सारं मला बिजलीच्या शेजारीण लालीबाई यांनी सांगितलं. सतरा नंबरची ती मुलगी, बिजली, आज हयात नाही. तिची माफी मागायची राहून गेली.’”

लालीबाईनं पदर सावरला. “माहं नाव छापून आलं,” ती म्हणाली, आणि आणखी दोन घरी सांगायला उठून गेली.

बिजलीबाई आधी हसली. मग हसू ओसरलं. अठ्ठेचाळीस वर्षं दुसऱ्यांनी तिला अपुरी म्हटलं, ते खोटं होतं. आणि एकदा, फक्त एकदा, खरोखरच शेवटचा ठोकळा हातात धरून ठेवला तो तिनं. त्या बाईनं आपला टाका घातला होता. आता कापड हिचं होतं.

“कागद घे,” ती पुष्पाला म्हणाली. “लिव. गौरीबाईले नमस्कार. लालीबाई ते, जे तूर निवडत होती. मी बिजली हाव. तुमी जीप घेऊन आल्या तवा मले वाटलं का पोट्टीले न्याले आल्या, म्हून खोटं बोलली. मले साप चावला नाही. मी मेली नाही. तुमाले माफी मांगाची असन तं या. दुधाचा चहा देतो.”

पुष्पानं लिहिलं. “खाली नाव लिहू?”

“लिव. पन पुरं नोको लिवू.”

पुष्पानं ‘बिज’ लिहिलं आणि पेन आजीपुढे धरलं. मग मोकळ्या जमिनीवर बोटानं ‘ली’ काढून दाखवली. बिजलीबाईनं सुई धरावी तसं पेन धरलं. तिला तेवढं एक अक्षर काढायला बराच वेळ लागला, वेलांटी कागदाबाहेर जाता जाता राहिली, आणि पुष्पा तोवर गप्प बसून होती.